तळ्याच्या पाण्यावर आलेला आळ

अन्याय माझ्या मामावर झाला. यंदाच्या वीस मार्चच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दुकानांची शटरं वर जात होती तेव्हा, पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीसमोर. त्याच्या हातातून ट्रकची किल्ली काढून घेतली गेली आणि त्याने गाडीत घातलेल्या पाण्याला चारचौघांत ‘घाण’ म्हटलं गेलं. किल्ली काढून घेणारा आणि घाण म्हणणारा माणूस एकच. गाडीचा मालक.

मी पत्रकं लिहिते. लिहिते, छापून आणते, वाटते आणि उरलेली घरी आणते. पत्रकात पहिल्याच ओळीत कुणावर, कधी, कुठे हे सांगायचं असतं, नाहीतर वाचणारा कागदाचं भेळेचं पुडकं करतो. म्हणून ते आधी उरकलं. बाकीचं आता सवडीने सांगते, कारण ही हकीकत पत्रकात मावेना. मी बसवून बघितली. प्रत्येक वेळी मामा पत्रकातून बाहेर पडायचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कापड्याच्या अलीकडे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या लोकांची वाडी आहे, तिथे तो आणि मामी राहतात. मामा ट्रक चालवतो. ट्रक शेठचा आहे, पण हे त्याला सांगायची सोय नाही. ‘माझं इंजिन’, ‘माझे टायर’, ‘माझ्या गाडीला चढ आवडतो’ असंच त्याचं बोलणं. पुढे लांब नाक असलेली जुनी गाडी आहे ती. तशा आता रस्त्यावर फारशा दिसत नाहीत. खेडकडच्या खाणींतून जांभ्याचे चिरे भरायचे आणि महाड-पोलादपुरात जिथे घर उठत असेल तिथे नेऊन टाकायचे. कधी आंबेनळी घाट चढून वर. येताना पेंढा, भाजी, कुणाच्या लग्नाची भांडी, मिळेल ते.

ड्रायव्हर मामा बरा असतो, साधाभोळा असतो, असं काही तुमच्या मनात आलं असेल तर काढून टाका. आमचा मामा बढाईखोर आहे. ‘पोळपाटावर गाडी वळवून दाखवीन’ हे त्याचं वाक्य. एका पावसाळ्यात त्याने आमच्या स्वतःच्या अंगणात ट्रक रुतवला होता आणि तो काढायला निम्मी वाडी लागली होती. तेव्हापासून मामी, कुणी पोळपाट मागितला तरी म्हणते, “नीट वापरा हां, ह्यांना गाडी वळवायची असते त्यावर.”

सकाळी सेल्फ मारायच्या आधी तो बॉनेटवर हात ठेवतो आणि विचारतो, “उठलीस काय गो?” मामी आतून ओरडते, “मला नाय कधी इचारलं, उठलीस काय म्हणून.” हा संवाद मी लहानपणापासून ऐकते आहे. दोघांनाही तो अजून जुना झालेला नाही.

कॉलेजात असताना माझी एसटी चुकली की मी त्याच्या केबिनमध्ये चढून महाडला जायची. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी तिथेच पाठ केली. मी आवाज चढवला की तो म्हणायचा, “हळू बोल गो, मला गिअर ऐकू येत नाय.” मी समतेवर बोलत असायची. त्याला गिअर ऐकायचा असायचा. पण स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या बाहेर ट्रक लावून, खिडकीतून ऐकत उभा राहायचा, आणि मी हरले तर परीक्षकांची अक्कल काढत घरापर्यंत यायचा.

गाडीच्या डॅशबोर्डवरचा तापाचा काटा त्याने मला दाखवला तो याच दिवसांत. काटा मध्यावर असला की सगळं ठीक. काटा लाल पट्ट्याकडे गेला की गाडीला ताप. “माणसाला ताप आला की आपण अंगावर ओरडतो काय? नाय ना. मग गाडीलाही रेटायची नाय. थांबवायची, गार व्हऊ द्यायची, मग इचारायचं.” हे बोलणारा माणूस स्वतःला ताप आला की डॉक्टरकडे जात नाही, ते सोडा.

आता वीस मार्च. महाडात त्या दिवशी चवदार तळ्यावर काय असतं ते मी सांगत बसत नाही. मी कागदाचे गठ्ठे घेऊन रस्त्याच्या कडेला असते. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येतो, रांगेत उभा राहतो, ओंजळभर पाणी पितो आणि एक बाटली भरून घेतो. त्यातलं थोडं घरी, बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या रेडिएटरमध्ये. दरवर्षी.

मला हे पटत नसे, आणि न पटलेलं मी पोटात ठेवत नाही. मी त्याला म्हटलं होतं, “मामा, तिथे लोक पाण्याच्या हक्कासाठी गेले होते. पाण्याचं तीर्थ करायला कुणी गेलं नव्हतं.”

“मी कुठं तीर्थ करतो?” तो म्हणाला. “मी पाजतो. वरीसभर चिरं ओढते ती. तिला नको?”

“गाडीला कसला हक्क?”

“तू लिव्ह की पत्रक, गाडीला हक्क नाय म्हणून. बघू कोण वाचतंय.”

मी विषय बदलला.

शेठला हे ठाऊक होतं. शेठ काही राक्षस नाही, तेही सांगते. तरुणपणी तो स्वतः टेम्पो चालवायचा आणि मामा त्याच्या बाजूला बसून शिकला. मामा घाट उतरत असला की शेठचा फोन येतो, “उतरलास काय रे?” मामीच्या हातचं सुकटीचं कालवण त्याने आमच्या ओट्यावर बसून खाल्लेलं मी पाहिलं आहे. ओट्यावर. आत नाही. पण खाल्लं, आणि वर मागून घेतलं. दसऱ्याला तो गाडीला झेंडूचे हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो. मामा मार्चमध्ये बाटली ओततो. गाडी दोघांचंही निमूट घेत आली.

यंदा मात्र शिमग्यानंतर गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं. खाली डबकं नाही, थेंब नाही, पण सकाळी झाकण उघडलं की पातळी उतरलेली. मामाने शेठला सांगितलं, “गाडी पाणी पितेय. दाखवायला हवी.” शेठ म्हणाला, “पितेय तर घाल. खेपा थांबवू नको, लोकांची घरं अडलीत.” हे वाक्य लक्षात ठेवा. मामा ‘घाल’ म्हटल्याप्रमाणे घालत राहिला. वाडीतल्या नळाचं, रस्त्यात लागेल तिथलं. आणि एकवीस मार्चच्या सकाळी, बाटलीतलं.

त्या सकाळी गाडी चिऱ्यांनी भरलेली होती. वाडीच्या वरच्या चढाला काटा हलला, मग सरळ लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मामाने गाडी कडेला घेतली, बंद केली, चाकामागे दगड लावला. झाकणाला हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. त्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरची मान अजून त्याची साक्ष देते. वाडीवरून वाफ दिसली, तशी मामी हंडा घेऊन चढून गेली. दोघं कडेला बसून राहिली. मामी सांगते, “मी म्हटलं, काय झालंय तिला? तर हे बोलंनात. बॉनेटवर हात ठेवून बसले. आणि हात भाजला तरी बसले.”

गार झाल्यावर हंडा ओतला, रुंद वळणावर गाडी फिरवली आणि उतारावरून हळूहळू पोलादपुरात आणली, कारण मिस्त्री तिथे. टपरीसमोर थांबली तेव्हा पुन्हा वाफ होती. फोनवरून कळल्यावर शेठ मोटारसायकलवर आला. केबिनचा दरवाजा उघडला. सीटवर बाटली, तळाशी थोडं पाणी.

“हे काय?”

मामाने सांगितलं. लपवण्यासारखं काही होतं असं त्याला वाटलंच नाही.

“कूलंट घालायचं सोडून कुठल्या तळ्यातलं घाण पाणी घालतोस माझ्या गाडीत?” शेठ म्हणाला. मोठ्याने. मग किल्ली घेतली. “उद्यापासून येऊ नको.”

त्याने जात काढली नाही, हे मला नंतर पुष्कळांनी समजावलं. मान्य. त्याने फक्त ‘घाण’ म्हटलं. महाड-पोलादपुरात त्या तळ्याच्या पाण्याला घाण म्हणणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला मी कळवून देऊ शकते, पण टपरीवर त्या सकाळी उभ्या असलेल्यांपैकी न कळणारा एकही नव्हता.

मी महाडात उरलेले गठ्ठे बांधत होते. मामीचा फोन आला. “किल्ली घेतलान शेठनी,” ती म्हणाली. “तू ये. पण येऊन भांडू नको.” मी मिनीडोर रिक्षात बसले. पोलादपूर येईपर्यंत मथळा तयार होता, खालचे तीन परिच्छेद तयार होते, आणि शेजारच्या बाईंची भाजीची पिशवी माझ्या पायावर होती हे मला उतरताना कळलं.

गॅरेज हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. आत ट्रक, नाक वर करून. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत शेठ, फोनमध्ये डोकं घालून. दुसऱ्या बाजूला जुन्या टायरवर मामा. कामावरून काढलेल्या माणसाने घरी जायचं असतं, पण तो दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसा बसला होता. मधे मिस्त्री, दोन्हीकडे पाठ न करता काम करत होता, सोयरीक मोडलेल्या दोन घरांमधल्या मध्यस्थासारखा.

मी मामाजवळ बसले. “संध्याकाळपर्यंत पत्रक काढते.”

“काय लिवशील?”

“झालं ते.”

त्याची नजर गाडीवर होती. हळू आवाजात तो म्हणाला, “आणि पाण्यानंच बिघडली असंल तर?”

मामा घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. नोकरीची भीती नव्हती ती. चिऱ्याच्या गाडीला ड्रायव्हर मिळत नाहीत; दुसरा शेठ दुसऱ्या दिवशी दारात आला असता. भीती वेगळी होती. त्या पाण्याने गाडी मारली असं निघालं असतं, तर पुढच्या मार्चमध्ये रांगेत उभं राहताना त्याच्या मनात काय आलं असतं? इतकी वर्षं हौसेने, प्रेमाने जे केलं तेच विष होतं, हे घेऊन तो कुठे गेला असता?

“तरी घाण म्हणायचा त्याला अधिकार नव्हता,” मी म्हटलं. “इंजिनात काहीही निघो.”

“ते तुझं खरं. त्याचं तू लिव्ह. पण मला आधी माझं बघू दे.”

आजही मला वाटतं की माझं बरोबर होतं. अपमान खरा आहे की नाही हे रेडिएटर उघडून ठरत नसतं. पण मी पत्रक थांबवलं, कारण त्याचंही बरोबर होतं, आणि अपमान त्याचा झाला होता.

मिस्त्रीने आधी ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. “चहा झालेला नाय,” तो म्हणाला. पाणी ऑइलमध्ये शिरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. इथे काळंच होतं. म्हणजे आतून फुटलेलं नाही, निदान इथून दिसत नव्हतं. मग त्याने रेडिएटरखाली घमेलं धरून थोडं पाणी सोडलं. फिकट हिरवं, अगदी फिकट, तळाशी किंचित तांबूस.

“बघ,” शेठ पहिल्यांदा बोलला. “तळ्यातला गाळ.”

मामा घमेल्याकडे वाकला.

मिस्त्रीने घमेल्यात बोट घालून चोळलं, वास घेतला. “गाळ नाय. गंज हाय. कूलंट गळत गेलं, ह्यांनी वर पाणी भरत नेलं, मग दुसरं काय व्हईल? नुसतं पाणी घालत राहिलं की आतून लोखंड गंज धरतं. तुला कळत नाय काय रे एवढा जुना ड्रायव्हर तू?”

“शेठ बोलले घाल, म्हणून घातलं.”

“मी पाणी घाल म्हटलं,” शेठ म्हणाला. “कुठलं ते म्हटलं नव्हतं.”

“नळाचं काय नि तळ्याचं काय, इंजिनाला वळख पटत नाय,” मिस्त्री म्हणाला. “बाटलीभर पाण्यानं गाडी मरत नाय शेठ. मरत असती तर पावसाळ्यात तालुक्यात एक गाडी उरली नसती. सवाल एकच हाय. आधीचं गेलं कुठं?”

मी मामाकडे पाहिलं. तो सुटला नव्हता अजून. अर्धवट सुटणं त्याला मानवत नाही.

मिस्त्रीने रेडिएटर भरला आणि त्याच्या एका जुन्या झाकणाला बसवलेल्या नळीतून सायकलच्या पंपाने हवा मारली. दाब वाढला की गळकी जागा थुंकते. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. काही थुंकलं नाही. वॉटर पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं. मिस्त्रीने पंप बाजूला ठेवला आणि उसासा सोडला. “मग हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागंल.”

शेठने कपाळावर हात मारला. मामा उठून आला, काढलेला असूनही. “गॅस्केट नाय. सायलेन्सरला पांढरा धूर नाय. ताकद तशीच हाय.”

“मग तूच खोल,” मिस्त्री म्हणाला.

“खोलायला नको म्हणून तर बोलतोय. गार असताना बघतोस कशाला? गार असताना तिला कधी ताप आला? तापव, मग बघ.”

“तापव म्हणतो. जशी काय तुझ्या बापाची गाडी.”

“बापाची असती तर तुझ्याकडं आणली नसती.”

मिस्त्री हसला. शेठच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्याने ते लगेच फोनमध्ये नेलं. मिस्त्रीने किल्ली मागितली, गाडी चालू केली आणि एक्सलेटर दाबून धरायला मामाला वर बसवलं. झाकणाशी बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गॅस्केटवरचा संशय बराचसा गेला. काटा मात्र चढू लागला आणि पाणी उतरू लागलं. खाली जमीन कोरडी.

“पंखा उडवतोय,” मिस्त्री म्हणाला. “थेंब खाली पडायच्या आधी पंखा भिरकावतो, आणि गरम इंजिनावर सुकून जातो. कागद हाय काय कुणाकडं? मोठा?”

माझ्या पिशवीत आदल्या दिवशीची पत्रकं होती. मी एक मूठ दिली. मिस्त्रीने एकेक कागद पंख्याच्या बाजूने, वर, खाली, आत सरकवून धरला आणि बाहेर काढून उजेडात पाहिला. पहिले कोरडे. मग खालच्या अंगाला धरलेल्या कागदावर बारीक हिरवट शिंतोडे, एका तिरप्या रेषेत, ‘जाहीर आवाहन’च्या बरोबर मधून.

“घे,” मिस्त्रीने तो मला दाखवला. “तुझ्या पत्रकाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.”

केबिनमधून मामा ओरडला, “पहिल्यांदा नाय. मी त्यावर भजी खाल्ली हायेत.”

गाडी बंद केली. मिस्त्री खाली आडवा झाला, मोबाईलचा उजेड आत घातला. रेडिएटरच्या खालून इंजिनाकडे एक जाड रबरी पाईप जातो. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे नजर सहज जात नाही, बारीक चीर होती. थंड असताना रबर मिटून राही. तापून फुगला आणि इंजिन थरथरलं की चीर उघडे. आणि चिरेला टेकून, टोक आत वळलेली, एक तार.

बांधकामावर सळ्या बांधतात ती काळी तार. मिस्त्रीने पकडीने तुकडा ओढून काढला आणि बाहेर येऊन विचारलं, “ही कुणाची?”

मग मामा केबिनमधून उतरला, तार हातात घेतली, उलटसुलट केली.

“शिमग्याची,” तो म्हणाला. “पालखीची.”

शिमग्यात शेठच्या गावची पालखी येते. यंदा ती ट्रकवरून मिरवायची ठरली होती. गाडीच्या तोंडाला दोन्हीकडे केळीचे खुंट बांधले, वर आंब्याचं तोरण. पुढच्या जाळीत दम नव्हता, खुंट कलंडत होते, म्हणून तार आत घालून रेडिएटरच्या पट्टीला पिरगळली. सण संपल्यावर कोयत्याने खुंट तोडले, बाहेरची तार कापली. आतला पीळ राहून गेला. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो पाईपला घासत होता.

“खुंट मी धरलेला,” मामा म्हणाला. “तार शेठनी पिरगळली.”

मी असते तर दुसरं वाक्य एकटं म्हटलं असतं. त्याने दोन्ही म्हटली, आणि आपलं आधी. माझा त्याच्यावर इतका जीव का आहे हे कुणी विचारलं तर मी ही दोन वाक्यं सांगते.

शेठ खुर्चीतून उठला. त्याने वाकून आत पाहिलं, जणू तिथे अजून काही सापडेल. मग सरळ झाला. “मीच म्हटलं होतं घट्ट बांधायला,” तो म्हणाला. तेवढंच.

“देवाचा दोष नाय,” मिस्त्री म्हणाला. “पीळ काढायचा राहिला, एवढंच.”

बरोबर. देवाचा दोष नाही, तोरणाचा नाही, केळीच्या खुंटाचा नाही. गॅरेजमध्ये एकानेही त्या तारेला घाण म्हटलं नाही. म्हणायलाही नको होतं. हौसेने बांधलेली होती ती. मला एवढंच विचारायचं आहे की तारेसाठी जी समजूत सगळ्यांच्या तोंडी इतकी चटकन आली, ती सकाळी बाटलीसाठी का आली नाही? एकाच्या हौसेची चूक म्हणजे राहून गेलेला पीळ, आणि दुसऱ्याच्या हौसेवर न तपासता आळ?

नवा पाईप बसवला, पट्टा आवळला, कूलंट भरलं. मामाने झाकण स्वतः लावलं. मिस्त्रीने लावू दिलं. चाचणीला मिस्त्री चालवायला बसला, शेजारी मामा आणि दाराकडे मी. चिरे तसेच लादलेले. पहिला चढ, दुसरा चढ. मामा रस्त्याकडे बघतच नव्हता, त्याचे डोळे काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. आमच्या वाडीवरून जाताना मामी रस्त्यावर उभी दिसली. मामाने खिडकीतून हात काढून नुसता तळवा दाखवला. तिने पदर डोळ्याला लावला आणि लगेच, कुणी बघायच्या आत, कोंबड्यांना हाकलायला लागली.

परत आलो तेव्हा शेठने मिस्त्रीकडून किल्ली घेऊन मामापुढे केली. “घे. चिरे पोचव, ते लोक खोळंबलेत.”

मामाने हात पुढे केला नाही. “टपरीवर चला शेठ. जिथं घेतली तिथं द्या.”

हे वाक्य माझ्या कुठल्याही पत्रकात नव्हतं. इतक्या वर्षांत मामाने शेठकडे असं काही मागितलं नसावं. शेठ मोटारसायकलकडे वळला आणि म्हणाला, “ये मग.”

टपरीसमोर सकाळचे बरेचसे लोक होतेच. पोलादपुरात माणसं स्टँड सोडून जाणार कुठे. शेठने सगळ्यांना चहा सांगितला. मग किल्ली मामाच्या हातात दिली आणि मोठ्याने म्हणाला, “पाईप गेला होता. ह्याची काय चूक नव्हती.” मामाने किल्ली घेतली. शेठने कूलंटचा नवा कॅन केबिनमध्ये ठेवला, जरा घुटमळला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, “पुढच्या साली बाटली आणशील तेव्हा मिस्त्रीला विचारून घाल.”

मामाच्या हिशेबी यात सगळं आलं. ‘पुढच्या साली आणशील’ म्हणाला ना, मग झालं. तो शेठला ओळखतो, शेठची माफी अशीच बाहेर पडते, जाळीतून तार काढावी तशी. मला ते पुरत नाही. चूक नव्हती हे तो मोठ्याने म्हणाला. पाणी घाण नव्हतं हे मोठ्याने म्हणाला नाही. तो शब्द अजून टपरीसमोर पडलेला आहे. मी मामाला हे म्हटलं, तर तो म्हणाला, “माझं भागलं गो. तुझं नसंल भागलं तर तू लिव्ह.” आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीला म्हणाला, “चल.”

म्हणून लिहिते आहे. शेठला उद्देशून नाही. त्याला मी तोंडावर सांगितलं आहे आणि तो माझ्याशी सध्या बोलत नाही. तुम्हाला उद्देशून. कारण त्या आठवड्यात सकाळच्या लोकांपैकी एकेक जण मला भेटला. टपरीवाला म्हणाला, “चुकलंच हं त्याचं.” एसटीची वाट बघणारे एक गुरुजी होते, ते म्हणाले, “मला फार वाईट वाटलं.” मिनीडोरवाल्याने माझ्याकडून भाडं घेतलं नाही. सगळे भले. सगळ्यांनी बाजूला घेऊन, आवाज उतरवून सांगितलं. माझा मामा मात्र सकाळी तिथे एकटा उभा होता, आणि गाडी तपासेपर्यंत तो स्वतःलाच गुन्हेगार समजत होता. ‘शेठ, आधी तपासा, आणि घाण म्हणू नका’ एवढं एका जरी तोंडातून तेव्हा आलं असतं, तर दिवसभर ती शंका त्याला खात राहिली नसती.

तेव्हा माझी मागणी ही. तुमच्यासमोर कुणावर न तपासता आळ आला, कुणाच्या पाण्याला, हाताला, घरातल्या अन्नाला कुणी घाण म्हटलं, तर त्याच क्षणी, तिथेच, म्हणणाऱ्याच्या तोंडावर बोला. नंतर मला बाजूला घेऊन सांगू नका.